कॅनकॅन, परकर आणि शिमोत्सुमा

“मावशी, मास्टरना तमिळमध्ये नीट सांग. खालून घंटेसारखं फुललं पाहिजे.” भाचीच्या या वाक्यापायी मी मैलापूरच्या एका टेलरच्या दुकानात पाऊण तास उभी होते. तिने चित्रं छापून आणली होती. गुडघ्यापर्यंतचा घेरदार झगा, बंद गळ्याचा ब्लाऊज, डोक्यावर लेसचा पट्टा आणि झग्याच्या आत पेटीकोट. आम्ही अडलो ते या शेवटच्या शब्दापाशी. पेटीकोट म्हणजे आपल्याकडे साडीखालचा परकर. चेन्नईत त्यालाच ‘इनस्कर्ट’ म्हणतात. दोन्ही सरळ खाली पडणारे, फुलणारा कुठलाच नाही. मी छत्री, घंटा, कमळ असं काहीबाही सांगत राहिले. शेवटी मास्टरच म्हणाले, “कॅनकॅन वेणुमा?” लेहेंग्याला आतून लावतात त्या कडक जाळीला शिवणकामात हेच नाव आहे. वीस वर्षं तमिळ आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करणाऱ्या बाईला तो शब्द एका शिंप्याने पुरवला.

भाचीला हवी होती ती वेशभूषा जपानी ‘लोलिता’ फॅशनची. नाव ऐकून माझ्या बहिणीच्या कपाळावर आठी पडली, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. आमच्या पिढीने हा शब्द नाबोकोव्हच्या 1955च्या कादंबरीतून घेतला, आणि तिथे तो एका अत्याचारी पुरुषाच्या तोंडी आहे. या पोशाखात मात्र गळा बंद, गुडघे झाकलेले. पुरुषाच्या नजरेसाठी केलेली मांडणी यात मला तरी कुठे दिसली नाही. भाचीशी वाद घालण्याऐवजी मी नोवाला ताकेमोतोची ‘शिमोत्सुमा मोनोगातारी’ (2002) पुन्हा वाचायला घेतली. जपानी मला येत नाही. मी वाचते ते आकेमी वेगम्युलर यांचं 2006चं इंग्रजी भाषांतर.

इंग्रजीत तिचं नाव ‘कामिकाझे गर्ल्स’ झालं, आणि तिथेच पहिली चूक झाली. शिमोत्सुमा हे इबाराकी प्रांतातलं भातशेतीचं गाव. ‘मोनोगातारी’ म्हणजे आख्यान, कहाणी. ‘गेंजी मोनोगातारी’मधला तोच भारदस्त शब्द एका आडगावाला जोडण्यात सगळी गंमत आहे. इंग्रजी नावाने गाव पुसलं आणि आत्मघातकी वैमानिक आणले. मराठीत ‘शिमोत्सुमाची कहाणी’ हे किती सरळ बसतं.

गोष्ट सतरा वर्षांच्या मोमोकोची. तिचा जीव फ्रान्सच्या रोकोको काळात अडकलेला, आणि अंगावर ‘बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट’ या खऱ्या कंपनीचे झगे. त्यासाठी ती रेल्वेने टोकियोच्या दाइकान्यामा भागातल्या दुकानापर्यंत जाते. पैसा येतो कुठून? बापाकडे पडून असलेला व्हर्साचीचा नकली माल विकून. तो माल घ्यायला मोटरसायकलवाल्या पोरींच्या टोळीतली इचिगो येते. पुस्तकावर लिहिणारे बहुतेक जण या दोघींच्या मैत्रीवर थांबतात. 2004च्या चित्रपटानेही, तो कितीही बहारदार असला तरी, तेच ठसवलं.

मला पुस्तकाचा कणा दुसरीकडे दिसतो. पूर्वार्धातल्या मोमोकोचा रुबाब उसना आहे. ती सतत बोलते, सगळ्यांना तुच्छ लेखते, आणि हे बोलणं लांबतं. ताकेमोतोने त्यातली काही पानं गाळली असती तर बरं झालं असतं. पुढे इचिगोच्या टोळीच्या अंगरख्यावर भरतकाम हवं असतं आणि ते करणारा नावाजलेला कारागीर काही सापडत नाही, तेव्हा मोमोको स्वतः सुई हातात घेते. तिची बडबड तिथे थांबते. कपडा विकत घेणारी मुलगी कपड्याला काहीतरी देऊ लागते, आणि तिला पहिल्यांदाच भीती वाटते, की हे जमलं नाही तर? ज्याला आपण आत्मविश्वास म्हणतो तो या पुस्तकात या भीतीनंतर येतो. खरेदीच्या पावतीबरोबर येत नाही.

या पुस्तकाचं मराठी करायचं झालं तर कपड्यांचे शब्दच सर्वांत जड जातील. ‘फ्रॉक’ म्हटलं की पाच वर्षांची मुलगी दिसते. ‘झगा’ म्हटलं की थट्टा होते. ‘परकर-पोलकं’ मला मोहात पाडतं, पण त्याला आपला इतिहास चिकटलाय. मुलगी परकरातून साडीत कधी जाणार हे घरचे ठरवत. ‘पदर येणं’ या शब्दप्रयोगात तर वस्त्र आणि ऋतुप्राप्ती आपण एकाच गाठीत बांधून टाकली. इथे तमिळनाडूतही पावाडैवर दावणी येते ती त्याच वेळी, समारंभाने. कुठल्या वयाचा कपडा अंगावर असावा हे जिचं अंग तिला कुणी विचारलं नाही. बावीस वर्षांची माझी भाची घेरदार झगा मागते तेव्हा आम्हा दोघी बहिणींना नेमकं काय खुपत होतं, ते या शब्दाशी झटापट करताना मला कळलं. नाबोकोव्ह हे निमित्त होतं.

तिची जमवाजमव हिशेबी आहे. आधी कॅनकॅन, कारण त्याविना महागडा झगाही पडेल दिसतो. मग एकच पांढरा ब्लाऊज, कशावरही चालणारा. गोडाउन स्ट्रीटवरून तिने सुती केंब्रिक आणलं, कारण मे महिन्यात इथे पॉलिएस्टर अंगावर ठरत नाही. लेस पाच मीटर. जपानी कंपनीच्या झग्याची नक्कल करायची नाही, हा तिचा दंडक. घेर तसा ठेवायचा, छापा मात्र आपला. मोमोकोच्या नकली व्हर्साचीची गोष्ट मी सांगितली तेव्हा ती खूप हसली.

मास्टरनी शिवलेलं पहिलं कॅनकॅन टोचत होतं. आत सुती अस्तर लावायचं राहून गेलं होतं. ते परत द्यायला मी निघाले, तर ती म्हणाली, “राहू दे मावशी, मीच लावते.” तीन रात्री ती माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून हातशिलाई करत होती. टाके वाकडे आहेत, मी पाहिलेत. रविवारी ते घालून ती मेट्रोने निघाली. मी बरोबर येऊ का विचारलं, तर नको म्हणाली. दारात थांबून तिने घेर एकदा हाताने दाबून पाहिला, आणि जिना उतरताना तो दोन्ही बाजूंनी कठड्याला घासत गेला.