वरातीतले जपान

संगीत-समीक्षक व्हायचे तर मुंबई-पुण्यातच राहायला हवे, अशी एक समजूत आहे. मी मानवतचा. तुळशीचे लग्न आटोपले आणि कापसाचे पैसे हाती आले की आमच्याकडे लग्नांना ऊत येतो, आणि खिडकीशी बसल्या बसल्या माणसाला एका हंगामात जेवढे संगीत ऐकू येते, तेवढे मुंबईकर वर्षभर तिकिटे काढूनही ऐकत नसेल.

या वरातीतला माझा लाडका म्हणजे बेंजोवाला. त्याच्या वाद्याचे नाव अमेरिकन, जन्म जपानचा आणि नोकरी मानवतची! नागोया शहरात 1912 साली गोरो मोरिता नावाच्या गृहस्थांनी तारांवर टाइपरायटरसारखी बटणे बसवली. तेच हे वाद्य. बटणांवर मींड काही निघत नाही. मग आपला वादक सूर लांबवायला तारेवर नखी अशी थरथरवतो, की साधे प्रेमगीतसुद्धा हुडहुडी भरल्यासारखे वाजते. शेजारी क्लॅरिनेट इंग्रजी पलटणीतून आलेले, आणि खाली ताशा आपला. तीन दिशांचे तीन पाहुणे; पण एकत्र वाजले की डोळे मिटून कोणीही सांगावे, "वरात आली!"

आता शहाणी मंडळी याला नक्कल म्हणतात. बीटल्सनी 1965 साली गाण्यात सतार घेतली तो प्रयोग, आणि आमच्या गड्याने बेंजो घेतला ती नक्कल! असा न्याय असतो होय?

पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला'त (1951) काय केले? गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रंपेट आणि साहेबी ठेका हाताशी घेतला. पण चाल अशी बांधली, की धोतर नेसलेल्या माणसाचाही पाय हलावा. विरजण शेजारणीचे असले तरी दही आपलेच, कारण दूध आपले. मिसळ आणि भेसळ यांतला फरक एवढाच. काय काय घातले हे मोजत बसू नये, तर्री कोणाची ते पाहावे.

या कसोटीला अजय-अतुलही उतरतात. 'सैराट'साठी (2016) त्यांनी थेट लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले, तरी 'याड लागलं' कानावर पडले की आठवतो तो आपला ऊस आणि आपली विहीर. व्हायोलिनांच्या ताफ्याने तिकडे केलेले ते काम आमचा बेंजोवाला एकटा करतो, तेही चालता चालता, वरून नवरदेवाच्या मामाचे धक्के खात.

पण हल्ली वरातीपुढे डीजेची गाडी असते. तिच्यातले गाणे मानवतला तसेच, सेलूला तसेच आणि पाथरीलाही तसेच. कुठे श्वास अडकत नाही, कुठे नखी घसरत नाही. चूक नाही, म्हणून ओळखही नाही. खिडकीची तावदाने मात्र थरथरतात. बेंजोचे काम आता त्यांच्याकडे आले आहे.

परवा एका बेंजोवाल्याला विचारले, "मुलाला शिकवलंत का हो?"

"कशाला सर? सुपारी येते कुठं? त्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून दिलंय."

पोराने बरेच केले. पण तुमच्या घरी कार्य निघाले, तर निदान मांडवापर्यंत तरी बँड सांगा. सूर थोडा हलेल, हलू द्या. तो आपला आहे.