मानाची कट्यार : ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील शस्त्रप्रतीकाचा सांस्कृतिक विचार

प्रस्तावना :
पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. नाटककार नागपूरचे, तर खाँसाहेबांची भूमिका गाजविणारे वसंतराव देशपांडे यांचा जन्म वऱ्हाडातील मूर्तिजापूरचा. या नाटकाची चर्चा प्रामुख्याने जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीताच्या आणि घराण्यांमधील संघर्षाच्या अंगाने होते. ज्या वस्तूवरून नाटकाला नाव मिळाले, ती कट्यार बहुधा रंगसामग्रीच राहते. मानाच्या शस्त्राची परंपरा लक्षात घेतल्यास नाटकाचा गाभा याच वस्तूत असल्याचे दिसून येते.

शस्त्र ते मानचिन्ह :
कट्यारीची मूठ दोन समांतर दांड्यांमध्ये आडवी बसविलेली असते. त्यामुळे पाते मनगटाच्या सरळ रेषेत येते आणि ठोशाचे सर्व बळ टोकावर एकवटते. चिलखत भेदण्यासाठी कित्येक कट्यारींचे टोक मुद्दाम जाड केलेले आढळते. असे हे जवळच्या झुंजीचे हत्यार दरबारात कमरेला खोवण्याचे मानचिन्हही झाले. मुठीवर सोन्याचांदीचे काम होऊ लागले.

तेल्हारा तालुक्यातील अडगाव येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे १८७८ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात विनापरवाना शस्त्र घेऊन फिरण्यास बंदी आली. रणातील उपयोग संपला, तरी विधीतील स्थान टिकले. वऱ्हाडातील लग्नात नवरदेवाच्या हाती कट्यार दिली जाते व तिच्या टोकाला लिंबू खोवले जाते. तिथे शत्रू नसतो. दृष्ट लागू नये, एवढाच हेतू असतो. टोकावरचे लिंबू हे शस्त्र चालवायचे नाही, याचीच जणू ग्वाही देते. मानाच्या शस्त्राचे सामर्थ्य त्याच्या न वापरण्यात असते.

नाट्यार्थ :
दारव्हेकरांनी हेच सूत्र उलटे करून पाहिले आहे. विश्रामपूर संस्थानात राजगायकाला हवेली आणि कट्यार मिळते. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ असतो. म्हणजे मानचिन्हाला पुन्हा धार दिली जाते. खाँसाहेबांना हवेली मिळते, कट्यारही मिळते. परंतु पंडित भानुशंकरांची गायकी या दोहोंमुळे हाती येत नाही. सदाशिवावर उगारलेली कट्यार अखेर रक्ताने माखत नाही, तेव्हाच ती खऱ्या अर्थाने मानाची ठरते. काळजात घुसते ते पाते नव्हे, सूर होय. शीर्षकातील श्लेष असा कथानकातूनच सिद्ध होतो.

तथापि, एक प्रश्न नाटकात अनुत्तरित राहतो. कलावंताला खुनाची मुभा देणारी राजसत्ता प्रश्नांकित होत नाही. अहंकाराचा सारा दोष खाँसाहेबांच्या माथी येतो. विद्येचे रूपांतर जिंकण्याच्या वस्तूत करणारा तो राजाश्रयच संघर्षाचे मूळ आहे. २०१५ च्या चित्रपटात तर कट्यारच निवेदन करते. त्यामुळे कथा सुबोध झाली, पण मूक वस्तूचा धाक उणावला. पाहणाऱ्याने जो अर्थ शोधायचा, तो वस्तूनेच सांगून टाकला.

निष्कर्ष :
वस्तूचा अर्थ तिच्याभोवतीच्या आचारातून घडतो, हे या नाटकावरून स्पष्ट होते. हीच बाब घराघरांतील जुन्या कट्यारींना लागू पडते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी अशी वस्तू पुरावशेष ठरू शकते. मात्र कायदा वस्तूचे वय मोजतो; ती कोणाच्या लग्नात, कोणाच्या हाती होती, हे सांगत नाही. ती मोडीत गेली किंवा विकली गेली, तर धातूबरोबर ही स्मृतीही जाते. संग्रहालयातील पाटीवर लांबी, धातू व काळ नोंदविला जातो. त्यासोबत विधी व मौखिक माहिती नोंदविली गेली, तरच ती वस्तू संस्कृतीचा पुरावा ठरेल. मराठी व इतिहास या विभागांनी ही नोंद एकत्रितपणे हाती घेणे अगत्याचे आहे.