दरबारानंतर

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग वाचक उरकून टाकतात. टिळक नाहीत, मग राहिले काय, असा त्यांचा समज. मला तो अन्याय वाटतो.

१९१७ साली टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरविला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तेथे एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना. १९१९ मध्ये टिळक निवर्तले आणि दरबार पोरका झाला. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्रींनी बेथेल वसविले, त्याला निदान जमीन होती. संस्थापक गेला तरी गाव मागे राहते. दरबाराजवळ एका कवीच्या वाणीवाचून काय होते?

लक्ष्मीबाई दरबार पुन्हा भरवीत बसल्या नाहीत. पतीचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले, कराचीपर्यंत नवी माणसे जोडली आणि आठवणी लिहून धर्माची वेस ओलांडणारा वाचक मिळविला. (आपल्या कॅथलिक घरांत मात्र हे पुस्तक क्वचितच दिसते.) चौथ्या भागात विनोद तोच आहे, पण ज्याच्यावर रुसावे तो माणूस समोर नाही. म्हणून तेथे हसताना वाचक मध्येच थबकतो.