सावलीची दोरी कोणाच्या हाती?

हवामान पाहून उघडमीट करणाऱ्या छतांना वास्तुरचनेच्या परिभाषेत अलीकडे ‘अनुकूलनशील’ म्हटले जाते. शब्द नवा असला तरी कल्पना जुनी आहे. रोमन लोक खेळांच्या जागी प्रेक्षकांवर कापडी छत ताणीत. सम्राट कॅलिग्युला ऐन उन्हात ते बाजूला सारायला लावी आणि कोणालाही बाहेर पडू देत नसे, असे स्वेटोनियसने लिहून ठेवले आहे. सरकत्या सावलीविषयीचा मूळ प्रश्न या हकिकतीत आहे: दोरी कोणाच्या हाती, आणि ती कोणासाठी ओढली जाते?

सावलीने हवेचे तापमान फारसे उतरत नाही. उतरतो तो अंगावर येणारा ताप: थेट सूर्याचा आणि तापलेल्या फरशी-भिंतींचा. म्हणून दिवसा ऊन अडवणे जितके महत्त्वाचे, तितकेच रात्री साठलेली उष्णता आकाशाकडे जाऊ देणे. कायमचे छत पहिले काम करते आणि दुसऱ्याच्या आड येते.

मदिनेच्या मशिदीतील छत्र्यांचे मोठेपण इथे आहे. फ्राय ओटो यांनी 1971 साली कोलोनच्या उद्यान प्रदर्शनात मिटणाऱ्या छत्र्या उभारल्या होत्या. त्यांचे सहकारी बोडो राश यांनी तीच कल्पना मदिनेत नेली: 1992 मध्ये आतल्या चौकांत बारा छत्र्या, आणि 2010–11च्या सुमारास बाहेरच्या प्रांगणात अडीचशे. बाहेरची प्रत्येक छत्री सुमारे 25 मीटर लांब-रुंद आहे. चौकातल्या छत्र्या उन्हाळ्यात दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात. थंडीत हा क्रम उलटतो. यंत्र डोळ्यांत भरते, पण खरी रचना या वेळापत्रकाची आहे. ते पाळणारी यंत्रणा आणि पैसा तिथे कायम आहे. प्रत्येक नगरपालिकेकडे तो असेलच असे नाही.

उलट उदाहरण स्पेनमधील सेव्हिल शहराचे. एन्कार्नासिओन चौकात 2011 साली युर्गन मायर यांचे ‘मेत्रोपोल पॅरासोल’ पूर्ण झाले. सुमारे 150 मीटर लांब, 70 मीटर रुंद अशी ही लाकडी जाळी. लोक तिला ‘अळंबी’ म्हणतात. खाली बाजार आणि रोमन अवशेष, वर फिरण्याची वाट. मोडकळीला आलेल्या चौकात तिने माणसे परत आणली, हे श्रेय द्यायलाच हवे. पण नावात छत्री असलेली ही वास्तू छत्री म्हणून कशी आहे? जाळीच्या फळ्या उभ्या आहेत. जूनमध्ये तिथला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 76 अंशांवर असतो. तेव्हा ऊन चौकटींतून खाली उतरते. डिसेंबरात तो 29 अंशांवर येतो आणि तिरपे किरण फळ्यांवर अडतात. म्हणजे नको तेव्हा जास्त आडोसा, हवा तेव्हा कमी. जाळी हलत नाही, त्यामुळे ही चूक सुधारताही येत नाही.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर सिएर्पेस रस्ता आहे. उन्हाळा आला की नगरपालिका तिथे घरांच्या माथ्यांमधून पांढरी कापडे ताणते आणि ऋतू सरला की उतरवते. ना सेन्सर, ना मोटर. वर्षातून दोनदा होणारी ही हालचाल मंद खरी, पण ऋतूच्या गतीशी जुळणारी. कापड फाटले तर शिवता येते. शिवाय अमुक दिवसापर्यंत ते का लागले नाही, हे नागरिक विचारू शकतात. मात्र ही कापडे दुकानांच्या पेठेवर आहेत. बसची वाट पाहणाऱ्यांवर आणि रस्त्यावर राबणाऱ्यांवर कोण ताणणार, हा प्रश्न त्यांनाही चुकत नाही.

या तिन्हींत सर्वांत गाजलेली आणि खर्चाचा अंदाज ओलांडून गेलेली वास्तू सावलीत सर्वांत कच्ची ठरते, याचे कारण आपल्या परीक्षणाच्या सवयीत आहे. आपण छत वरून टिपलेल्या छायाचित्रात पाहतो. त्याची परीक्षा मे महिन्यात दुपारी दोन वाजता खाली उभ्या असलेल्या माणसाने घ्यायला हवी. अनुकूलनशीलता यंत्रात नसते. ती वेळेवर दोरी ओढण्याच्या बांधिलकीत असते. ती बांधिलकी नसेल, तर सर्वांत हुशार छत्रीही मिटलेली राहते आणि माणसे उन्हात.