महागडा चढाईपटू आणि उरलेली पर्स

प्रो कबड्डीच्या लिलावावर प्रकल्प करायचाय असं म्हणणारा एखादा तरी विद्यार्थी दरवर्षी भेटतोच. आराखडाही बहुधा ठरलेला असतो. एका रकान्यात लिलावातली किंमत, दुसऱ्यात खेळाडूचे गुण, तिसऱ्यात संघाचा क्रमांक. मग रिग्रेशन, आणि शेवटी निष्कर्ष: संघ नावाला पैसे मोजतात, खेळाला नाही. विषय छान आहे, आकडे उघड्यावर आहेत, गाईडही खूश. पण या आराखड्याच्या पायातच गडबड आहे आणि ती कुठलंही सॉफ्टवेअर लाल अक्षरांत दाखवत नाही.

ऑक्टोबर 2023 चा, दहाव्या हंगामाचा लिलाव घ्या. प्रत्येक संघाची पर्स, म्हणजे खेळाडूंवर खर्च करायची कमाल मर्यादा, 4.4 कोटींवरून 5 कोटींवर नेली होती. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला 2 कोटी 60.5 लाखांना घेतलं. पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलूईला 2 कोटी 35 लाखांना. म्हणजे एकाने पर्सचा निम्म्याहून जास्त भाग एका माणसावर घातला, दुसऱ्याने जवळजवळ निम्मा. डाव सारखाच. हंगाम संपला तेव्हा टायटन्स तळाला होते, 22 सामन्यांत फक्त 2 विजय. पलटण विजेती; अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सवर 28-25.

आता तुमच्या तक्त्यात या दोन ओळी शेजारी-शेजारी बसतील. किंमत जवळपास तेवढीच, क्रमांक एक आणि बारा. रिग्रेशन म्हणेल 'संबंध नाही', आणि तुम्ही लिहाल की किमतीला अर्थ नाही. मला हे पटत नाही. किमतीला अर्थ आहे, फक्त तो किमतीच्या रकान्यात नाही.

पलटणचा संघ आठवा. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत. ही पोरं संघाने आधीपासून राखलेली होती. राखलेला खेळाडू लिलावाच्या मंचावर येत नाही, त्याच्यासाठी कुणी पाटी उचलत नाही, म्हणून त्याची बाजारातली किंमत कुठे नोंदलीच जात नाही. त्याचं मानधन मात्र याच पर्समधून वजा होतं. स्वस्तात राखलेली पाच चांगली पोरं घरात असतील, तर अडीच कोटींचा बचावपटू ही शेवटची वीट असते. घर रिकामं असेल तर तेवढ्याच पैशांचा चढाईपटू हा एकटा खांब. टायटन्सकडे पवननंतर 2 कोटी 39.5 लाख उरतात, आणि त्यात राखलेल्यांसकट बाकीचा सगळा संघ बसवायचा!

म्हणजे लिलावाची यादी हा कबड्डीपटूंचा नमुना नव्हेच. ज्यांना त्यांच्या संघांनी सोडलं, किंवा ज्यांना राखणं परवडलं नाही, त्यांचा तो नमुना आहे. निवडीचा पूर्वग्रह हा शब्द आपण नेटसाठी पाठ करतो. तो प्रत्यक्षात असा दिसतो.

सिद्धार्थ देसाईचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. कोल्हापूर जिल्ह्यातला हा पोरगा सहाव्या हंगामात यू मुंबाने 36.4 लाखांना घेतला. त्याने चढाईचे दोनशेहून जास्त गुण काढले. पुढच्या वर्षी, 2019 मध्ये, टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले. त्याने पुन्हा दोनशेहून जास्त गुण काढले. आणि टायटन्स बारा संघांत अकरावे! खेळाडू तोच, काम जवळपास तेवढंच, किंमत चौपट. तो 'महाग पडला' असं म्हणताना आपण त्याच्या खेळाबद्दल बोलत नसतो, एक कोटी आठ-नऊ लाखांच्या फरकात आणखी कोण आलं असतं त्याबद्दल बोलत असतो. कमाल मर्यादा असलेल्या लीगमध्ये प्रत्येक किमतीच्या मागे न घेतलेल्या खेळाडूंची अशी एक यादी असते. प्रकल्पात ती यादी हवी.

इथे हमखास 'मनीबॉल'चा दाखला येतो. मायकेल लुईसचं ते 2003 चं पुस्तक वाचाच, पण संदर्भ देताना जरा थांबा. ओकलंडचा तो बेसबॉल संघ अशा लीगमध्ये खेळत होता जिथे पगाराची कडक मर्यादा नाही. न्यूयॉर्कवाले कितीतरी पट खर्च करू शकत होते. गरीब संघाने श्रीमंतांना आकडेमोडीने कसं गाठलं, ही ती गोष्ट. कबड्डीत सगळ्यांची पर्स सारखीच. इथली विषमता पैशांची नाही, कोणाकडे आधीपासून काय राखलेलं आहे त्याची आहे. तुलना करायचीच तर अमेरिकन फुटबॉलशी करा. तिथे 1993 पासून मोकळे करार आणि 1994 पासून पगाराची मर्यादा, दोन्ही एकत्र नांदतात. मॅसी आणि थेलर यांनी तिथल्या नवख्यांच्या निवडीवर केलेलं काम बघा. सगळ्यात वर निवडलेला खेळाडू सगळ्यात फायद्याचा नसतो, हे ते दाखवतात. पण त्यासाठी ते खेळाडूच्या कामाच्या मोलातून त्याचा पगार वजा करतात. नुसता पगार घेऊन बसत नाहीत.

दुसरा लाडका शब्द 'विजेत्याचा शाप'. 2022 मध्ये तमिळ थलायवाजने पवनला 2.26 कोटींना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याने दगा दिला. शाप? नाही हो. दुखापत हे दुर्दैव. विजेत्याचा शाप म्हणजे वस्तूच्या मोलाचा अंदाज सगळ्यात जास्त चुकवणाराच बोली जिंकतो, ती परिस्थिती. शिवाय त्याच्याविना थलायवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेले, हेही त्याच तक्त्यात कुठेतरी बसवावं लागेल.

आणि 'फ्री एजंट' हा शब्द कबड्डीला लावताना जपून. अमेरिकेतला मोकळा खेळाडू कुठे जायचं ते स्वतः ठरवतो, वाटाघाटी करतो. आपला खेळाडू मोकळा होतो तो फक्त लिलावात जाण्यापुरता. जास्त बोली लावेल तो संघ त्याचा. वर जुन्या संघाला 'फायनल बिड मॅच'चं कार्ड टाकून तेवढ्याच किमतीत त्याला परत घेता येतं. मी मांडव्यात राहते. (मांडवा म्हटलं की मुंबईकरांना 'अग्निपथ' आणि रो-रो आठवते, रायगड कबड्डीचा जिल्हा आहे हे सहसा आठवत नाही.) इथे अलिबागपर्यंतच्या गावांत रोख बक्षिसांच्या स्पर्धांत खेळणाऱ्या पोरांना विचारा. बहुतेकांचं स्वप्न कोटीच्या बोलीचं नसतं, खेळाडू कोट्यातल्या रेल्वे-पोलिसातल्या नोकरीचं असतं. लीग काही महिन्यांची, पगार बारा महिन्यांचा. मग लिलावातल्या किमतीला खेळाडूचं 'वेतन' म्हणून मॉडेलमध्ये घालताना ती नोकरी कुठल्या रकान्यात जाणार?

तक्ता नव्याने मांडायचा असेल तर खेळाडूऐवजी संघ-हंगाम हे एकक धरा. प्रत्येक ओळीत लिलावाआधी राखलेले किती, त्यांच्यावर पर्स किती गेली, उरलेल्यातला सर्वात मोठ्या बोलीचा वाटा किती, आणि कार्ड वापरलं का. खेळाडूंची नावं लिलावात कुठल्या क्रमाने पुकारली तेही टिपा, कारण उशिरा पुकारलेल्या नावासमोरच्या पर्सा आधीच हलक्या झालेल्या असतात. ओळी कमी होतील, एका हंगामाला फक्त बारा. गाईड कुरकुरेल, नमुना लहान आहे म्हणेल. तेव्हा शादलूईची पुढची नोंद दाखवा: 2024 मध्ये हरियाणाने त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतलं आणि हरियाणा विजेते झाले.