डार्विनच्या यादींतील एक नांव

आमच्या गडमुडशिंगीहून समुद्र सह्याद्रीपलीकडे आहे. आणि तो गांठला तरी ज्या अरण्याविषयीं आम्ही लिहीत आहों तें कोंकणकिनाऱ्यास दिसावयाचें नाहीं. मालवणच्या खडकांवर सरगॅसम हें तपकिरी शैवाल वाढतें. पण त्याचा दूरचा नातलग जो केल्प, त्यास थंड पाणीच लागतें. तेव्हां केल्पाच्या अरण्याची ओळख आपणांस ग्रंथांतूनच करून घेणें प्राप्त आहे; आणि त्यासाठीं डार्विनच्या १८३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तांतील तिएरा देल फ्वेगोच्या केल्पाचें वर्णन आजही वाचण्याजोगें आहे.

ह्या वर्णनाचा मुख्य गुण म्हणजे मोजदाद. केवळ आश्चर्य व्यक्त करून डार्विन थांबत नाहीं. तो शैवालाचा गुंता झटकतो आणि त्यांतून पडलेले मासे, शिंपले, खेंकडे, तारामासे व सी-अर्चिन नांवाचे काटेरी गोल जीव नोंदून ठेवतो. जमिनीवरील कोणतेंही अरण्य तोडलें तरी हें केल्प गेल्यानें मरतील तितक्या प्राणिजाती मरणार नाहींत, हा त्याचा निष्कर्ष त्या यादीवर उभा आहे.

परंतु साखळीच्या शेवटीं तो तेथील माणसांस नरभक्षक ठरवितो, आणि ही गोष्ट केवळ ऐकीव होती. खेंकडा स्वतः पाहून लिहिणाऱ्यानें माणूस मात्र ऐकून लिहावा, हें आम्हांस खटकतें.

दुसरी उणीव त्याच्या काळाची आहे. केल्पावर कोण जगतें हें त्यानें पाहिलें. केल्प कोणामुळें जगतें हें त्यास दिसलें नाहीं. त्याच्या यादींत आश्रित म्हणून आलेला सी-अर्चिन बेसुमार वाढला, तर केल्प कुरतडून तेंच अरण्य उजाड करूं शकतो. अलास्कानजीकच्या अल्युशियन बेटांची तुलना करून एस्टेस व पाल्मिसानो यांनीं १९७४ सालीं दाखविलें कीं, जेथें समुद्री पाणमांजरें अर्चिन खातात तेथें केल्प दाट असतें. जेथें तीं शिकारीनें संपलीं तेथें खडक उघडे पडतात. उत्तर कॅलिफोर्नियांत २०१३ पासून अर्चिन खाणारे तारामासे रोगानें मेले, मागोमाग समुद्र तापला, आणि कांहीं वर्षांतच केल्पाचें छत्र ९० टक्क्यांहून अधिक नाहींसें झालें.

मालवणचा समुद्र १९८७ सालीं अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथील सरगॅसममध्यें कोण राहतें आणि त्यास कोण राखतें, हे दोन्ही प्रश्न विचारून, आणि किनाऱ्यावरील माणसांसही स्वतः पाहून, कोणी मराठींत लिहील तर तो ग्रंथ आम्ही आनंदानें वाचूं.