वेड, विभक्ती आणि लघुपट

‘तो वेडा आहे’ व ‘त्याला वेड लागले आहे’ हे प्रयोग समानार्थी नव्हेत. पहिल्यात आजार हीच व्यक्तीची ओळख ठरते. दुसऱ्यात तो तिला येऊन जडतो. प्रबोधनपर लघुपट प्रेक्षकाला पहिल्याकडून दुसऱ्याकडे नेतात आणि बहुधा तेथेच थांबतात : डॉक्टर बोलतात, आई रडते, रुग्ण चतुर्थीतच राहतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (२००४) छिन्नमनस्क नायकाचे जग त्याच्याच दृष्टीने दिसते; अर्थात पूर्ण लांबीच्या चित्रपटाला ती सवड असते. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या उपचारांविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्क दिला आहे. येथे व्यक्ती निःसंशय कर्ता आहे, आणि दहा मिनिटांच्या लघुपटातही तिला एक कागद लिहिताना दाखविणे अशक्य नाही.